लॅपटॉपचा प्रोसेसर कमांड लाइनवरून कसा तपासायचा? सेकंडहँड घेण्याआधी पाच मिनिटं काढा

बारावीचा निकाल लागला, इंजिनिअरिंग-डिप्लोमाचे प्रवेश सुरू झाले की घरोघरी लॅपटॉपचा विषय निघतो. नवा परवडत नाही, म्हणून बरेच जण सेकंडहँड किंवा रिफर्बिश्ड बघतात. समजा, निफाडचा एक मुलगा वडिलांना घेऊन नाशिकला आलाय. खिशात वीस हजार आहेत. दुकानदार लॅपटॉप पुढे करून सांगतो, "आय७ आहे, विंडोज ११ टाकून दिलंय, डोळे झाकून घ्या."

डोळे झाकायचे नाहीत. काळी खिडकी उघडायची आणि कॉम्प्युटरलाच विचारायचं.

लॅपटॉपवरचं स्टिकर बदलता येतं. बिलावर नुसतं ‘आय७’ लिहिलं तर ते खोटं नसतं, पण त्यातून काही कळतही नाही. कारण २०११ सालचा प्रोसेसरही आय७ असतो आणि २०२२ सालचाही. खरा फरक पूर्ण मॉडेल नंबरात, कोरच्या संख्येत आणि पिढीत असतो. शिवाय रॅम वाढवता येते, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकता येते. पण आजकालच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला असतो. तो नंतर बदलता येत नाही. म्हणून जे तपासायचं ते पैसे देण्याआधी.

या लेखात आपण विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर प्रोसेसरची माहिती कशी काढायची आणि मुख्य म्हणजे ती कशी वाचायची, ते पाहणार आहोत.

कमांड टाइप करताना

कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. खाली कमांडची अक्षरं सुटी सुटी दिली आहेत, पण ती सलग टाइप करायची. जिथे ‘स्पेस’ लिहिलंय तिथेच जागा सोडायची. शेवटी एंटर दाबायचं. यातल्या कुठल्याही कमांडने कॉम्प्युटरमध्ये काहीही बदलत नाही. त्या फक्त माहिती दाखवतात. त्यामुळे दुकानात करून बघायला घाबरू नका, आणि दुकानदारानेही अडवायचं कारण नाही.

विंडोजमध्ये प्रोसेसर कसा तपासायचा?

पद्धत १: सिस्टिमइन्फो

१. कीबोर्डवरचं विंडोज बटण आणि आर एकत्र दाबा.
२. छोटी खिडकी उघडेल. त्यात सी एम डी टाइप करून एंटर दाबा. कमांड प्रॉम्प्ट म्हणजे काळी खिडकी उघडेल.
३. त्यात एस वाय एस टी ई एम आय एन एफ ओ टाइप करून एंटर दाबा.

काही सेकंद थांबा. भली मोठी यादी येईल. त्यात लॅपटॉपची कंपनी, मॉडेल, विंडोजची आवृत्ती, रॅम आणि ‘प्रोसेसर’ अशी ओळ दिसेल. गंमत म्हणजे या ओळीत आय५, आय७ असं बाजारातलं नाव नसतं. तिथे साधारण असं लिहिलेलं असतं:

इंटेल६४ फॅमिली ६ मॉडेल १४२ स्टेपिंग १० जेन्युइनइंटेल

बहुतेक जण ही ओळ सोडून देतात. पण ही प्रोसेसरची वंशावळ आहे. तिचा उपयोग पुढे येईल, म्हणून तिचा फोटो काढून ठेवा.

हीच ओळ झटपट हवी असेल तर आणखी छोटी कमांड आहे: एस ई टी, स्पेस, पी आर ओ. ‘प्रो’ने सुरू होणाऱ्या सगळ्या सेटिंग्ज दिसतात, त्यात प्रोसेसर आयडेंटिफायर नावाच्या ओळीत हीच माहिती मिळते.

पद्धत २: डब्ल्यूएमआयसी

बऱ्याच जुन्या व्हिडिओंमध्ये हीच कमांड सांगितलेली असते: डब्ल्यू एम आय सी, स्पेस, सी पी यू, स्पेस, जी ई टी, स्पेस, एन ए एम ई.

विंडोज १० वर ती चालते आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव एका ओळीत देते. पण मायक्रोसॉफ्टने ही सुविधा जुनी ठरवली आहे, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ती आपोआप मिळत नाही. ‘अशी कमांड नाही’ असा संदेश आला तर लॅपटॉप बिघडलेला नाही. सरळ पुढच्या पद्धतीवर जा.

पद्धत ३: पॉवरशेल (सगळ्यात कामाची)

१. विंडोज बटण आणि आर दाबा, त्यात पी ओ डब्ल्यू ई आर एस एच ई एल एल टाइप करा.
२. उघडलेल्या खिडकीत ही कमांड टाइप करा: जी ई टी, डॅश (-), सी आय एम आय एन एस टी ए एन सी ई, स्पेस, डब्ल्यू आय एन ३२, अंडरस्कोर (_), पी आर ओ सी ई एस एस ओ आर, स्पेस, उभी रेघ (|), स्पेस, एफ एल, स्पेस, स्टार (*).

लांब वाटते, पण युक्ती आहे. जी ई टी, डॅश, सी आय एम आय एवढं टाइप करून टॅब दाबलं की बाकीचा शब्द पॉवरशेल स्वतःच पूर्ण करतं. उभी रेघ सहसा एंटरच्या वरच्या बटणावर असते, शिफ्ट दाबून येते.

आता जी यादी येईल त्यात या ओळी शोधा:

- नेम: प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि मॉडेल नंबर.
- नंबर ऑफ कोअर्स: प्रत्यक्ष कोर किती.
- नंबर ऑफ लॉजिकल प्रोसेसर्स: थ्रेड किती.
- मॅक्स क्लॉक स्पीड: वेग, मेगाहर्ट्झमध्ये.
- एल३ कॅश साइज: कॅश, केबीमध्ये. ६१४४ म्हणजे ६ एमबी.

मॉडेल नंबर कसा वाचायचा?

इंटेलमध्ये आय३, आय५, आय७ या शब्दानंतरचा आकडा महत्त्वाचा. तो चार आकडी असेल तर साधारणपणे पहिला आकडा म्हणजे पिढी.

- आय७-२६२०एम: दुसरी पिढी, २०११ सालची.
- आय५-७२००यू: सातवी पिढी.
- आय५-८२५०यू: आठवी पिढी.

दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे बघायचे. आय५-१०२१०यू म्हणजे दहावी, आय५-११३५जी७ म्हणजे अकरावी, आय५-१२३५यू म्हणजे बारावी. अकराव्या पिढीपासून तर नावाच्या सुरुवातीलाच ‘११वी जेन’, ‘१२वी जेन’ असं इंग्रजीत लिहून येतं. २०२३ च्या डिसेंबरपासून इंटेलने लॅपटॉपसाठी ‘कोअर अल्ट्रा’ ही नवी नावं आणली. तिथे हा हिशोब लागू होत नाही.

शेवटचं अक्षरही बघा. यू म्हणजे कमी वीज खाणारा, बॅटरी जपणारा. एच किंवा एचक्यू म्हणजे जास्त ताकदीचा, पण जास्त तापणारा.

एएमडी रायझनमध्ये जरा सांभाळून. लॅपटॉपच्या ७००० मालिकेत पहिला आकडा नव्हे, तिसरा आकडा आतली रचना सांगतो. रायझन ५ ७५२०यू नावाने ताजा वाटतो, पण तिसरा आकडा २ आहे, म्हणजे आत जुनी ‘झेन २’ रचना. ७७३०यू मध्ये ‘झेन ३’ आहे आणि ७८४०यू मध्ये ‘झेन ४’. नाव जवळजवळ सारखं, काम मात्र वेगळं.

एक उदाहरण: दोन लॅपटॉप, दोन्ही ‘आय५’

सेकंडहँड बाजारात हमखास दिसणारे हे दोन प्रोसेसर शेजारी ठेवून बघू.

आय५-७२००यू
- कोर २, थ्रेड ४
- मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ
- एल३ कॅश ३ एमबी
- फॅमिली ६, मॉडेल १४२, स्टेपिंग ९

आय५-८२५०यू
- कोर ४, थ्रेड ८
- मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ
- एल३ कॅश ६ एमबी
- फॅमिली ६, मॉडेल १४२, स्टेपिंग १०

नुसता वेग बघितला तर पहिला चांगला वाटतो. २.५ मोठे की १.६? इथेच फसगत होते. मूळ वेग हा प्रोसेसरने ठरलेल्या वीजमर्यादेत राहून सतत काम करण्याचा वेग असतो. काम पडलं की दोघेही वर जातात: ७२००यू ३.१ पर्यंत, ८२५०यू ३.४ पर्यंत. आणि दुसऱ्याकडे कोर दुप्पट आहेत. इंजिनिअरिंगच्या मुलाने कोड लिहायचं सॉफ्टवेअर, ब्राउझरचे दहा टॅब आणि ऑनलाइन लेक्चर एकत्र चालवलं की हा फरक हाताला जाणवतो.

एवढंच नाही. आय७-७५००यू हा नावाने ‘आय७’, पण त्यातही दोनच कोर आहेत. म्हणजे सातव्या पिढीच्या आय७ पेक्षा आठव्या पिढीचा आय५ बहुतेक कामांत सरस. "आय७ आहे" याला म्हणूनच अर्थ नाही, "कोणता आय७?" हा खरा प्रश्न.

आता ती वंशावळीची ओळ आठवा. या दोघांत फॅमिली तीच, मॉडेल तेच. फरक फक्त स्टेपिंगचा, ९ आणि १०. नावाच्या ओळीत ८२५०यू लिहिलंय, पण कोर दोनच आणि स्टेपिंग ९ दिसतंय, तर काहीतरी गडबड आहे. प्रोसेसरचं नाव हा शेवटी एक मजकूर असतो. म्हणून एकट्या नावावर जाऊ नका. नाव, कोर, थ्रेड, कॅश आणि स्टेपिंग हे सगळं एकमेकांशी जुळायला हवं. मॉडेल नंबर मोबाइलवर टाकून कंपनीच्या वेबसाइटवरचे आकडे समोर ठेवा आणि ताडून बघा.

एक खुलासा: ८२५०यू साठी विंडोज वेग कधी १६०० तर कधी १८०० मेगाहर्ट्झच्या आसपास दाखवतं. ते खोटेपणाचं लक्षण नाही. वेग थोडा इकडेतिकडे होतो, कोरची संख्या होत नाही.

आठव्या पिढीला एवढं महत्त्व का?

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टची अट आहे की इंटेलचा प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. रायझनमध्ये साधारण २००० मालिकेपासून पुढचे चालतात, पण त्या मालिकेतले सगळे नाहीत. नेमकं मॉडेल मायक्रोसॉफ्टच्या यादीत शोधावं. सोबत टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि किमान ४ जीबी रॅमही लागते.

आता तुम्ही म्हणाल, दुकानातल्या त्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालू दिसतंय की! दिसू शकतं. अट टाळून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत. पण अशा लॅपटॉपला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. सुरक्षा अपडेट थांबलेल्या लॅपटॉपवर बँकेचं काम करणं धोक्याचं. म्हणून ‘विंडोज ११ चालतंय’ हा पुरावा नाही. प्रोसेसरची पिढी हा पुरावा.

याचा अर्थ सातव्या पिढीचा लॅपटॉप भंगार झाला असा मुळीच नाही. मराठी टायपिंग, मुक्त विद्यापीठाचा अभ्यास, ऑनलाइन फॉर्म भरणं यासाठी त्यावर लिनक्स टाकून तो छान चालतो. फक्त त्याची किंमत त्याच्या पिढीप्रमाणे द्यायची, स्टिकरप्रमाणे नाही.

लिनक्समध्ये प्रोसेसर कसा तपासायचा?

लिनक्समध्ये हे काम सगळ्यात सोपं. टर्मिनल उघडा (उबुंटू, मिंटमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबा) आणि टाइप करा: एल एस सी पी यू.

एका पानात सगळं येतं. महत्त्वाच्या ओळी अशा:

- आर्किटेक्चर: एक्स८६_६४ म्हणजे ६४ बिट.
- मॉडेल नेम: प्रोसेसरचं पूर्ण नाव.
- सॉकेट: बोर्डावर प्रोसेसर किती. लॅपटॉपमध्ये १.
- कोअर पर सॉकेट: एका प्रोसेसरमध्ये कोर किती.
- थ्रेड पर कोअर: एका कोरमागे थ्रेड किती.
- सीपीयू: एकूण थ्रेड. वरच्या तिन्हींचा गुणाकार.
- व्हर्च्युअलायझेशन: इंटेलमध्ये व्हीटी-एक्स, एएमडीत एएमडी-व्ही.

‘सीपीयू ८’ बघून आठ प्रोसेसर किंवा आठ कोर समजू नका. १ सॉकेट × ४ कोर × २ थ्रेड असे ते ८ आहेत. दुकानात ‘आठ कोरचा आहे’ असं सांगतात तेव्हा बऱ्याचदा हेच थ्रेड मोजलेले असतात.

मात्र इंटेलच्या बाराव्या पिढीपासून बऱ्याच मॉडेलमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोर असतात आणि हा साधा गुणाकार जुळत नाही. आय५-१२३५यू मध्ये २ मोठे आणि ८ छोटे मिळून १० कोर, पण थ्रेड १२. कारण मोठ्या कोरला दोन थ्रेड, छोट्याला एकच. तिथे आकडा विचित्र दिसला तर घाबरू नका.

हीच छोटी कमांड मोठमोठ्या मशीनवरही चालते. पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी’ हा सुपरकॉम्प्युटर नोव्हेंबर २०२० च्या जागतिक टॉप ५०० यादीत ६३ व्या क्रमांकावर होता. त्याच्या एकेका मशीनमध्ये एएमडीचे ६४ कोरचे दोन ईपीवायसी प्रोसेसर आहेत. म्हणजे तिथे सॉकेट २ आणि कोअर पर सॉकेट ६४. आपल्या लॅपटॉपवर १ आणि ४. वाचायची रीत तीच.

थ्रेडचा फक्त आकडा हवा असेल तर एन पी आर ओ सी ही कमांड द्या. आणखी तपशील हवा असेल तर: सी ए टी, स्पेस, /, पी आर ओ सी, /, सी पी यू आय एन एफ ओ. यात प्रत्येक थ्रेडची माहिती वेगळी येते, त्यामुळे तीच तीच यादी अनेकदा दिसते. त्यातला मेगाहर्ट्झचा आकडा त्या क्षणाचा असतो, लॅपटॉप निवांत असेल तर तो कमीच दिसणार.

एक टिप: विंडोजमधल्या माहितीवर शंका आली तर लिनक्सचा पेनड्राइव्ह सोबत न्या. उबुंटू किंवा मिंट इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून सुरू होतं. दुकानदाराला आधी विचारून ते सुरू करा आणि एल एस सी पी यू द्या. तिथल्या विंडोजमध्ये कोणी काहीही केलेलं असो, त्याचा इथे परिणाम होत नाही.

मॅकमध्ये

टर्मिनल उघडून टाइप करा: एस वाय एस सी टी एल, स्पेस, डॅश (-), एन, स्पेस, एम ए सी एच डी ई पी, टिंब (.), सी पी यू, टिंब (.), बी आर ए एन डी, अंडरस्कोर (_), एस टी आर आय एन जी.

उत्तरात ‘ॲपल एम१’ असं काही आलं तर तो ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर. इंटेलचं नाव आलं तर तो जुना मॅक, आणि त्याला वर सांगितलेला पिढीचा हिशोब लागू.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोर कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी दिसतात. फसवणूकच समजायची का?
लगेच नाही. बायोसमधून किंवा विंडोजच्या बूट सेटिंगमधून कोर बंद करता येतात. दुकानदाराला सेटिंग मूळ जागी आणायला सांगा आणि पुन्हा तपासा. तरीही कमीच दिसले तर तो लॅपटॉप सोडा.

ॲडमिन पासवर्ड लागतो का?
वरच्या कुठल्याही कमांडला लागत नाही.

ऑनलाइन जाहिरातीतून घेतोय, लॅपटॉप समोर नाही. काय करू?
विकणाऱ्याला सिस्टिमइन्फो आणि पॉवरशेलच्या उत्तरांचा व्हिडिओ मागा, नुसता स्क्रीनशॉट नको. लॅपटॉप हातात आल्यावर सगळं पुन्हा एकदा स्वतः तपासा.

प्रोसेसर ठीक निघाला, म्हणजे लॅपटॉप चांगला?
अर्धं काम झालं. बॅटरी, स्क्रीन, कीबोर्ड, चार्जिंगची पिन आणि बिजागरी वेगळी तपासायचीच. या कमांड त्याबद्दल काही सांगत नाहीत.

थोडक्यात

दुकानात पाच गोष्टी कागदावर लिहून न्या: पूर्ण मॉडेल नंबर, पिढी, कोर, थ्रेड आणि कॅश. कमांड देऊन प्रत्येकापुढे आकडा भरा, कंपनीच्या वेबसाइटशी जुळवा, मगच भावाचं बोला. आणि बिलावर ‘आय५ लॅपटॉप’ न लिहिता ‘आय५-८२५०यू’ असा पूर्ण नंबर आणि लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहून घ्या. उद्या वाद झालाच तर तोच कागद कामाला येईल.

निफाडच्या त्या मुलाने एवढं केलं तर कदाचित तो ‘आय७’ दुकानातच ठेवून, त्याच पैशांत शेजारचा साधा दिसणारा आठव्या पिढीचा आय५ घेऊन घरी जाईल. पुढची काही वर्षं तोच त्याला साथ देईल.

ही माहिती उपयोगी वाटली तर लॅपटॉप घ्यायला निघालेल्या मित्राला जरूर पाठवा.